डोंगर, गार पाणी आणि तांब्याचं वेटोळं

पर्थहून इनव्हरनेसला जाणारी रेल्वे स्कॉटलंडच्या मधोमध ड्रमॉक्टर नावाची खिंड ओलांडते. खिंडीची उंची ४५२ मीटर. आपलं लोणावळाही याहून उंच आहे, पण ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं हे सर्वांत उंच ठिकाण. झाडं विरळ होत जातात, दोन्ही बाजूंना तपकिरी बोडके डोंगर उरतात आणि खिंड उतरता उतरता पांढऱ्या भिंतींची, पॅगोडासारख्या दोन छपरांची एक इमारत दिसते. ही डलविनीची डिस्टिलरी. गाव म्हणजे मूठभर घरं आणि एक स्टेशन. वर्षाचं सरासरी तापमान सहा-सात अंश सेल्सिअस. ब्रिटनमधल्या सर्वांत थंड वस्त्यांमध्ये याची गणना होते. रोजच्या हवामानाची नोंद ठेवणं हे अनेक वर्षं इथल्या डिस्टिलरीच्या व्यवस्थापकाच्या कामात मोडायचं. १८६१मध्ये व्हिक्टोरिया राणी ओळख लपवून फिरताना इथल्या खानावळीत एक रात्र मुक्कामाला होती. पानात चहाबरोबर दोन मरतुकड्या कोंबड्या आल्या, बटाटे नाहीत, गोड काही नाही, अशी तक्रार तिने रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

अशा जागी कुणी कारखाना का काढावा?

स्कॉटलंडमध्ये कुठल्याही डिस्टिलरीत गेलात तर याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: आमचं पाणी. डोंगरातला झरा, ग्रॅनाइटवरून आणि पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) थरांतून झिरपत आलेलं मऊ पाणी, आणि म्हणून आमच्या व्हिस्कीला ही चव. डलविनीचं पाणीही दोन हजार फुटांच्या आसपास असलेल्या एका छोट्या तळ्यातून येतं आणि ते खरोखर सुरेख आहे. पण चवीचं श्रेय त्या पाण्याला देणं मला पटत नाही. व्हिस्की दोनदा उकळून वाफेच्या रूपात वर जाते आणि पाण्यातले क्षार खाली भांड्यातच राहतात. पाण्याचा थोडा परिणाम आंबण्याच्या क्रियेवर होतो, नाही असं नाही. पण तयार व्हिस्कीच्या स्वादातला मोठा वाटा लाकडी पिंपाचा, त्याखालोखाल भांड्याच्या आकाराचा आणि आंबवण्याच्या पद्धतीचा. पाण्याचं खरं काम वेगळंच आहे, आणि त्यासाठी त्याची चव नव्हे, त्याचा गारवा लागतो. ते काम पाहायचं तर डलविनीसारखी दुसरी जागा नाही.

आधी डोंगराचं दुसरं एक काम सांगायला हवं: लपवणं.

स्कॉटलंडच्या संसदेने दारूवर पहिला कर बसवला १६४४मध्ये. पुढची पावणेदोनशे वर्षं कर वाढत गेले आणि तेवढ्याच वेगाने दऱ्याखोऱ्यांतल्या चोरट्या भट्ट्या वाढत गेल्या. सातू पिकवणारा कुळवाडी शिल्लक धान्याची दारू गाळायचा, कारण हिवाळ्यात हाती दुसरं काही नसायचं आणि खंड भरायला रोकड लागायची. दाट धुकं, वाट नसलेली खोरी, वर टेहळणीला एक पोर, आणि अबकारी शिपाई दिसला की तांब्याचं भांडं उचलून पसार. आपल्याकडच्या हातभट्टीवाल्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. करबुडव्यांमध्ये सर्वांत कुप्रसिद्ध नाव होतं ग्लेनलिव्हेट या खोऱ्याचं, आणि सर्वांत चविष्ट दारूही तिथलीच मानली जायची.

इतकी की १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा त्याने ग्लेनलिव्हेटचीच व्हिस्की मागितली. म्हणजे राजानेच बेकायदा माल मागवला! ती पुरवली ती डलविनीच्याच रेल्वेमार्गावर पुढे लागणाऱ्या रॉथीमर्कस इथल्या ग्रँट घराण्याने. घरातली मुलगी एलिझाबेथ हिने पिंपात मुरलेली आपली जपून ठेवलेली व्हिस्की राजासाठी काढून दिली. वडिलांना पुढे हिंदुस्थानात न्यायाधीशाची जागा मिळाली, तिच्यामागे या भेटीचाही हात होता, असं तिने आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. हे वडील म्हणजे सर जॉन पीटर ग्रँट. १८२८च्या सुमारास ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टात बसले होते. पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला कोर्टासमोर हजर करा, असा त्यांचा हुकूम गव्हर्नर सर जॉन माल्कमने जुमानला नाही. तेव्हा ग्रँटसाहेबांनी १८२९मध्ये कोर्टच बंद करून टाकलं. मराठी मुलुखातल्या कायद्याच्या इतिहासातलं हे गाजलेलं भांडण. त्याच्या एका टोकाला डोंगरातली चोरटी व्हिस्की असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

राजाच्या भेटीनंतर वर्षभरातच, १८२३मध्ये, सरकारने शहाणपणा केला. दहा पौंडांत परवाना, कर बेताचा, मात्र भांडं किमान ४० गॅलनचं हवं. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४मध्ये त्या भागातला पहिला परवाना घेतला. शेजारपाजारचे चोरटे भट्टीवाले चवताळले, डिस्टिलरीसकट जाळून टाकू म्हणाले. अॅबरलोरच्या जमीनदाराने स्मिथला पिस्तुलांची जोडी दिली आणि कित्येक वर्षं तो ती कमरेला लावून फिरत होता. पण हळूहळू बाकीचेही परवाने घेऊ लागले. नवी कायदेशीर डिस्टिलरी बहुतेक वेळा जुन्या चोरट्या जागीच उभी राहिली, कारण पाणी तिथेच होतं, पीट तिथेच होतं आणि कामाला सरावलेली माणसंही तिथेच होती.

डलविनी यातली नाही. ती पुढच्या पिढीतली, रेल्वेची लेक. लपण्याचे दिवस सरले होते. आता कोळसा आणि धान्य आत यायला, पिंपं बाहेर जायला रूळ हवे होते. फ्रान्समध्ये फायलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते, ब्रँडी मिळेनाशी झाली होती आणि इंग्लंडातले शौकीन व्हिस्कीकडे वळले होते. धंद्याला उधाण आलं. १८९७मध्ये ही डिस्टिलरी बांधायला घेतली, १८९८च्या सुरुवातीला तिच्यातून दारू वाहू लागली आणि त्याच वर्षी मालकांना ती विकावी लागली. त्याच वर्षअखेरीस लीथच्या पॅटिसन बंधूंची पेढी बुडाली. आपल्या व्हिस्कीची जाहिरात करायला या बंधूंनी पोपट पढवले होते असं सांगतात. हिशेबाची वही मात्र त्यांनी पोपटांहून जास्त पढवली होती. त्यांच्याबरोबर साऱ्या धंद्याचा फुगा फुटला. १९०५मध्ये डलविनी लिलावात निघाली आणि एका अमेरिकन कंपनीने ती अवघ्या १,२५० पौंडांना घेतली. परदेशी मालकाच्या हाती गेलेली स्कॉटलंडमधली ही पहिलीच डिस्टिलरी म्हणतात, आणि तेव्हा त्यावरून बराच गहजब झाला. १९३४मध्ये आगीत ती बरीचशी जळाली, १९३८मध्ये पुन्हा सुरू झाली. आज ती डिआजिओ या बलाढ्य कंपनीकडे आहे.

आत शिरल्यावर पहिली निराशा पॅगोडाच्या छपरांची. ती आता नुसती शोभेची आहेत. सातू दोन दिवस भिजवायचा, जमिनीवर पसरून पाच-सहा दिवस मोड येऊ द्यायचे, मग भट्टीच्या धुरावर वाळवायचा. त्या धुराला वाट म्हणून चार्ल्स डॉइग नावाच्या वास्तुविशारदाने १८८९मध्ये ही छपराची तऱ्हा काढली. डलविनीत हे काम १९६०च्या दशकात बंद पडलं. आता माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, बाहेरच्या कारखान्यातून ट्रकने येतो. बहुतेक डिस्टिलऱ्यांची हीच गत आहे, आणि ‘पारंपरिक’ या शब्दाकडे पाहताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पुढचे दोन टप्पे भराभर उरकतात. माल्ट जाडसर भरडून सुमारे ६४ अंशांच्या गरम पाण्यात कालवतात. मोडांमधल्या विकरांनी पिठाची साखर होते आणि तळातून गोड पाणी गाळून घेतात. ते थंड करून उंच लाकडी पिंपांत यीस्टबरोबर ठेवलं की दोन-तीन दिवसांत आठ-नऊ टक्के अल्कोहोलची एक बिनहॉप्सची बिअर तयार होते. या पिंपांचं झाकण किंचित उघडून वाटाडे पाहुण्यांना वास घ्यायला सांगतात. फेसाखालून येणारा कार्बन डायऑक्साइड नाकात सुईसारखा घुसतो आणि माणूस झटकन मागे होतो. सगळ्यांनी एकदा मागे उडी मारून घेतली की वाटाडे हसतात आणि पुढे नेतात.

भट्टीघरात तांब्याची दोनच प्रचंड भांडी. एवढ्या नावाजलेल्या डिस्टिलरीत दोनच, हे पाहून बरं वाटतं. रुंद बूड, निमुळती मान, टोकाला बाहेर वळलेला हात. पहिल्या भांड्यात ती बिअर उकळून वीस-बावीस टक्क्यांचं मळकट पाणी मिळतं. ते दुसऱ्या भांड्यात पुन्हा उकळलं की सत्तर टक्क्यांच्या आसपासचा स्वच्छ द्राव येऊ लागतो. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. स्कॉटलंडमधला भट्टीवाला मात्र पहिली धार बाजूला काढतो, कारण तिच्यात उग्र, लवकर उडणारी द्रव्यं असतात. शेवटची धारही नको, तिच्यात जड तेलकट अंश उतरतात. दोन्ही पुढच्या खेपेला परत उकळायला जातात. मधला तेवढा भाग पिंपात जातो आणि तो कुठे धरायचा, कुठे सोडायचा यात त्या माणसाचं कसब असतं.

गंमत अशी की या माणसाला आपण गाळलेल्या दारूला हात लावता येत नसे. धार पडते ती पितळी चौकटीच्या, काचेच्या, कुलूपबंद पेटीत. स्पिरिट सेफ तिचं नाव. बाहेरच्या दांड्या फिरवून आत धार वळवायची, काचेतून घनता आणि तापमान वाचायचं. किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे. १८२३च्या सुमारास ही पेटी आली आणि १९८०च्या दशकापर्यंत सरकारचा अधिकारी डिस्टिलरीच्या आवारातच बिऱ्हाड करून राहत असे. अर्थात, माणसं कुलपाला पुरून उरतात. एका टोकाला बूच बसवलेली तांब्याची नळी पँटच्या आत सोडून कोठारातून व्हिस्की घरी न्यायची पद्धत होती. त्या नळीला ‘कॉपर डॉग’ म्हणत.

आता डोंगरातलं पाणी. डलविनीच्या अंगणात, दर्शनी बाजूलाच, उघड्यावर दोन मोठाले गोल लाकडी हौद आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर वाफेचा ढग उभा असतो. भट्टीघरातला तांब्याचा हात भिंत भेदून बाहेर येतो आणि हौदाच्या पाण्यात शिरून गोल गोल वेटोळी घेत, निमुळता होत तळाशी जातो. आत वाफ, बाहेर डोंगरातलं वाहतं गार पाणी. तळाशी पोचेपर्यंत वाफेची दारू झालेली असते. याला वर्म टब म्हणतात. चोरट्या भट्टीवाल्याकडे हेच होतं, फक्त लहान आकाराचं. झऱ्याकाठची जागा त्याला हवी असायची ती याचसाठी. गोव्यात काजूची फेणी काढणाराही वाफ ज्या भांड्यात उतरते त्यावर सतत पाणी ओतत बसायचा. दारू गाळणं म्हणजे निम्मं तापवणं आणि निम्मं थंड करणं. आपलं सगळं लक्ष आगीकडे जातं, पाण्याकडे जात नाही.

विसाव्या शतकात बहुतेक डिस्टिलऱ्यांनी वर्म टब मोडीत काढले. त्यांच्या जागी आडव्याउभ्या नळकांड्यांचे कंडेन्सर आले. त्यात रचना उलटी: एका मोठ्या नळकांड्यात शेकडो बारीक तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून पाणी आणि बाहेरून वाफ. जागा कमी, पाणी कमी, दुरुस्ती सोपी. डलविनीनेही १९८६मध्ये तेच केलं. हौद गेले, कंडेन्सर आले. माल्ट तेच, पाणी तेच, यीस्ट आणि भांडीही तीच. आणि दारू बदलली. जड, भरदार, काहीशी उग्र असायची ती हलकी, फुलाफळांच्या वळणाची झाली.

कारण तांबं. दारू गाळायला तांबं वापरतात ते उष्णता चांगली वाहतं म्हणून, आणि ठोकून हवा तसा आकार देता येतो म्हणून. पण त्याचं सर्वांत मोठं काम रासायनिक आहे. आंबताना तयार झालेली गंधकाची संयुगं, ज्यांना उकडलेल्या कोबीचा, मांसाच्या रश्शाचा, जळक्या काडीचा वास असतो, ती वाफेतून जाताना तांब्याला चिकटून राहतात. वाफ जितका वेळ आणि जितक्या पृष्ठभागावर तांब्याला भेटेल तितकी दारू साफ आणि हलकी. शेकडो नळ्यांच्या कंडेन्सरमध्ये ही भेट भरपूर होते. वर्म टबमध्ये एकच नळी, आणि बाहेर हाडं गोठवणारं पाणी. वाफ वेटोळ्यात शिरते न शिरते तोच तिची दारू होते. तांब्याला काम करायला वेळच मिळत नाही. पाणी जितकं गार, तितका कमी वेळ.

म्हणजे डोंगराचं पाणी चव देतं हे खरंच, पण ते व्हिस्कीत उतरून नव्हे. ते बाहेरच राहतं, नळीला कवटाळून, आणि गंधक आत टिकवून ठेवतं. १९९५मध्ये डिस्टिलरीने मुकाट्याने कंडेन्सर काढून लाकडी हौद परत बसवले. कारखानदाराने जास्त खर्चाची, जास्त जागा खाणारी, जुनी पद्धत विकत घेऊन परत आणावी, अशी उदाहरणं उद्योगाच्या इतिहासात फार सापडत नाहीत. यात काव्य कमी आणि हिशेब जास्त होता. १९८८मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने निवडक सहा माल्ट व्हिस्कींच्या संचात डलविनीला स्थान देऊन जगभर जाहिरात केली होती. त्या नावाखाली निराळीच दारू विकणं परवडलं नसतं. डिआजिओने पुढे २०१०मध्ये रोझआयल इथे अगदी आधुनिक कारखाना उभारला, तिथे काही कंडेन्सर तांब्याचे आणि काही स्टीलचे आहेत. हलकी दारू हवी तर तांब्यातून, जड हवी तर स्टीलमधून. वर्म टबचं गुपित असं बटणावर आलं आहे. तरीही दीडशेच्या आसपास डिस्टिलऱ्यांपैकी जेमतेम पंधरा-वीस ठिकाणी लाकडी किंवा लोखंडी हौद अजून वाहताहेत. याच रेल्वेमार्गावर पिटलॉक्रीजवळ १८२५पासूनची चिमुकली एड्राडोर त्यांतली एक.

गंधक हवंच कशाला, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर कोठारात. ताज्या दारूतला तो मांसल उग्रपणा पिंपात वर्षानुवर्षं मुरताना ओसरतो आणि त्याच्याखाली दडलेला जाडपणा, गोडवा वर येतो. डलविनीची नेहमीची बाटली १५ वर्षांची असते आणि तिचं वर्णन मधासारखी असंच करतात. पाच वर्षांत ती काढली असती तर मध दिसला नसता. कायद्याने स्कॉचला तीन वर्षं पुरतात. ही अट पहिल्या महायुद्धातली, १९१५चा कायदा, आणि त्यामागे चवीपेक्षा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांना शुद्धीवर ठेवण्याची काळजी जास्त होती. पिंपं बहुतेक अमेरिकेतून आलेली, बर्बन या तिकडच्या व्हिस्कीसाठी वापरलेली. तिकडच्या कायद्याने बर्बनला दर वेळी नवं ओक लागतं, म्हणून जुनं स्वस्तात मिळतं.

आणि मुरण्याच्या कामीही पुन्हा थंडीच येते. पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते. तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. १५ वर्षांत पिंपाचा पाव भाग गेला. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट बनते, तिथे हा वाटा वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास; बंगळुरूच्या अमृतकडे दहाच्याही वर. या दराने १५ वर्षं थांबलं तर गोव्यातलं पिंप तीन-दशांशाहून कमी उरेल आणि बंगळुरूतलं जेमतेम एक-पंचमांश. म्हणून आपल्याकडची माल्ट चार-सहा वर्षांत बाटलीत येते, आणि उष्णतेमुळे लाकूड भराभर सुटत असल्याने तेवढ्यात गडदही होते. २००४मध्ये अमृतने आपली माल्ट थेट ग्लासगोत नेऊन बाजारात आणली तेव्हा तिथल्या जाणकारांना तिचं वय ओळखता येईना. पण लाकूड लवकर सुटलं म्हणून सगळंच लवकर होतं असं नाही. उग्रपणा ओसरायला लागणारा काळ उष्णता पूर्णपणे भरून काढत नाही, असं माझं मत. आपल्याकडच्या माल्टांनी वर्म टबच्या जड दारूच्या नादी न लागता स्वच्छ, फळांच्या अंगाची दारू निवडली, हे मला शहाणपणाचं वाटतं.

डलविनीत फेरीच्या शेवटी व्हिस्कीबरोबर चॉकलेट देतात. आधी चॉकलेट जिभेवर विरघळू द्यायचं आणि मग घोट. हे जुनं काही नाही, पर्यटकांसाठी काढलेलं आहे, पण जमून गेलं आहे. न पिणाऱ्यांनी वासावर थांबावं. माझ्या मते निम्मी मजा तिथेच आहे. भट्टीघरात अल्कोहोलच्या वाफा असल्याने फोटो काढू देत नाहीत, तेव्हा हौदांचे फोटो अंगणातच काढून घ्यावेत.

कधी जावं, याला मात्र सोपं उत्तर नाही. उन्हाळ्यात दिवस लांब आणि रस्ते मोकळे, पण पूर्वापार हाच भट्ट्या थंड ठेवून दुरुस्तीची कामं काढण्याचा काळ. तेव्हा झरे आटतात आणि जे वाहतं ते पुरेसं गार नसतं. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात ग्लेनफार्क्लससह काही डिस्टिलऱ्यांना पाण्याअभावी काम थांबवावं लागलं होतं, आणि अशा उन्हाळ्यांची धास्ती आता या धंद्यात कायमची बसली आहे. हौद पूर्ण जोमात वाफाळताना पाहायचे तर नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत ड्रमॉक्टरच्या रस्त्यावर बर्फ साचलं की पोलीस लोखंडी फाटकं लावून वाहतूक बंद करतात. रेल्वे बहुधा चालू राहते, पण डलविनीला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच असतात; परतीच्या गाडीची वेळ आधी बघूनच उतरावं.